कय्युम मास्तरांचा खालचा ओठ

पहूरला वरात मारुतीच्या पाराशी आली आणि कय्युम मास्तरांचं तोंड उघडेना.

सकाळपासून डावा जबडा ठणकत होता. जळगावहून निघताना त्यांनी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेवर दाबला होता. एस.टी.त खिडकीपाशी बसून गालावर रुमाल धरला होता आणि पोहोचल्यावर गरम चहाचे घोट त्याच बाजूने घोळवले होते. दोन गल्ल्या त्यांनी नेहमीसारखं वाजवलं. मग ढोलाचा एक तुकडा चालू असताना क्लॅरनेट तोंडातून काढलं, त्याच्या तोंडावरची वेताची पत्ती ओली केली, आणि पुन्हा तोंडाशी नेलं तर दात एका बोटाच्या वर फाकत नव्हते. क्लॅरनेटचं तोंड दातांवर आपटलं. त्यांनी जोर केला. कानाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत अशी कळ गेली, की डोळ्यांसमोरचा घोडा आणि नवरदेव दोन्ही पांढरे झाले.

शेजारी पंडित ट्रम्पेट घेऊन उभा होता. शिंदखेडा तालुक्यातला, मास्तरांहून आठ-नऊ वर्षांनी लहान, बारा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून वाजवणारा.

"मास्तर, काय व्हयनं?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. बोलायला गेले तर शब्द दातांतच अडकले.

"तुम्ही मांगे व्हा. मी धरस."

पंडितने ट्रम्पेटवर चाल उचलली. लोक नाचतच राहिले. मास्तर मात्र क्लॅरनेट छातीशी धरून, बोटं भोकांवर फिरवत, वाजवत असल्यासारखे चालत राहिले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाजवण्याचं सोंग केलं. शेजारच्या ढोलवाल्याकडेही त्यांना बघवेना.

ही एकोणीसशे एकोणसत्तरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मास्तरांचं वय तेव्हा सत्तेचाळीस.

अक्कलदाढ त्यांना पंचविशीच्या आतच आली होती. म्हणजे आली असं नाही, यायला निघाली आणि हिरडीतच आडवी पडली. अर्धं डोकं वर, बाकीची आत. तेव्हा भुसावळला एका दातांच्या डॉक्टरने बघून सांगितलं होतं, की आत्ताच काढून टाका, पोरवयात हाड मऊ असतं. मास्तर खुर्चीत बसले, ट्रेमधली अवजारं पाहिली आणि लघवीला जाऊन येतो म्हणून जे निघाले ते थेट स्टेशनवर. नंतर ती दाढ वर्षातून एकदा-दोनदा सुजायची, मिठाच्या गुळण्यांनी बसायची. मास्तर म्हणायचे, आमचं आपसात जमलंय.

बायको नसीम मात्र दर वेळी म्हणायची, "निकाल डालो वो दाढ." ती घरी रजया शिवायची. बोलता बोलता तिची सुई थांबत नसे, पण दाढेचा विषय निघाला की थांबायची.

पहूरहून परत आल्यावर तोंड तीन दिवस उघडलं नाही. पेज आणि दूध यांवर काढलं. जळगावच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, धुळ्याला डॉक्टर पुखराज आहेत, मुंबईला शिकून आलेत, त्यांच्याकडे दातांचा फोटो काढायचं मशीन आहे, त्यांना दाखवा. सूज उतरली तेव्हा मास्तर एकटेच धुळ्याच्या गाडीत बसले.

डॉक्टर पुखराज तिशीतले होते. घरचा कापडाचा व्यापार सोडून हा दातांकडे वळला म्हणून आग्रा रोडवरची मंडळी त्यांच्याकडे जरा कुतूहलानेच बघत. त्यांनी एक्स-रे काढला, धुतला, आणि तो ओला तुकडा खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा निरखला.

"तुम्ही काय काम करता?"

"बँडात आहे. क्लॅरनेट वाजवतो."

डॉक्टरांनी फोटो खाली घेतला. "क्लॅरनेट धरता कसं? म्हणजे तोंडात नेमकं कसं असतं?"

मास्तरांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी बोटाने दाखवलं. वरचे दात लाकडावर टेकतात. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा आणि त्या ओठावर पत्ती बसते. पत्ती किती दाबायची, किती सोडायची, ते सगळं ओठाला कळतं. सूर बोटांत नसतो, तो ओठात असतो.

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले.

"मग नीट ऐका, मास्तर. ही दाढ आडवी आहे. तिची मुळं खाली गेलीत, आणि त्याच जागेवरून जबड्याच्या हाडातून एक शीर जाते. ती शीर पुढे येऊन तुमच्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श देते. तुम्ही विशीत असता तर मुळं अर्धवट असती, हाड लवचीक असतं. आता हाड दगडासारखं झालंय आणि मूळ शिरेला टेकलंय. दाढ काढताना शीर दुखावली तर ओठाची डावी बाजू बधिर होईल."

"किती दिवस?"

"काहींची महिन्यात परत येते. काहींची वर्षाने."

"आणि काहींची?"

डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. "काहींची येत नाही."

खाली रस्त्यावरून टांगा गेला. मास्तरांनी नकळत खालचा ओठ दातांवर दुमडून घेतला होता.

"नाही काढली तर?"

"तर या वेळी जे झालं ते पुन्हा होईल. पू बाहेर आला तर ठीक. एखाद्या वेळी तो खाली मानेकडे उतरला, तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. मी तुम्हाला घाबरवत नाही. पण आत्ता सूज नाही, हीच वेळ चांगली आहे."

मास्तर उठले. म्हणाले, "एप्रिल-मे जाऊ द्या. लग्नाचा हंगाम आहे."

जिन्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना भुसावळची खुर्ची आठवली, पण आता ते पळत नव्हते, निदान तसं त्यांनी स्वतःला समजावलं.

घरी पोहोचले तेव्हा नसीम दारातच होती. "क्या बोले डॉक्टर?"

"बोले, अभी जरूरत नहीं."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत गेली.

पुढचे अडीच-तीन महिने मास्तर भीतीच्या संगतीने जगले. जेवताना उजव्या बाजूने चावायचं. रोज सकाळी आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी जातात का बघायचं. तीन गेली की दिवस चांगला. एखाद्या सकाळी अडीचच गेली की दिवसभर घास गिळताना लक्ष तिकडे. ओठावरही त्यांचं असं प्रेम जडलं, की दाढी करताना खालच्या ओठाजवळ वस्तरा आला की हात हळू व्हायचा. वाजवताना ते पूर्वीपेक्षा चांगलं वाजवत होते, असं पंडित नंतर म्हणायचा. उंच सुरांवर जाऊन तिथेच रेंगाळायचे, उतरायला नको असल्यासारखे. बँडचे मालक वनाभाऊ एकदा म्हणाले, "मास्तर, यंदा काय खाल्लंय?"

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नरडाण्याला लग्न होतं. स्टेशनपासून वरात निघणार होती. आदल्या दिवशीच दोन बोटं जेमतेम गेली होती, पण मास्तर कुणाला बोलले नाहीत. ऊन असं होतं, की क्लॅरनेटच्या चाव्या बोटांना चटके देत होत्या. वाजवायला सुरुवात केल्यावर अर्ध्या तासाने त्यांना जाणवलं, की थुंकी गिळता येत नाही. मग जीभ जड वाटायला लागली, कुणी तरी खालून वर ढकलत असल्यासारखी. त्यांनी जबड्याखाली हात लावला. गळ्याचा वरचा भाग लाकडासारखा टणक झाला होता.

पंडितने त्यांच्याकडे पाहिलं आणि ट्रम्पेट खाली घेतलं. चाल मध्येच तुटली. नाचणारे थबकले.

"दम ली ऱ्हायनात ना, मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली, पण श्वास घेताना घशातून आवाज येत होता. त्यांच्या ओठाच्या कडेने लाळ गळत होती आणि ती पुसायला ते विसरले होते.

वधूपक्षाकडे एक जीप होती. पंडितने कुणाची परवानगी मागितली की नाही, त्यालाच नंतर आठवेना. त्याने मास्तरांना पुढच्या सीटवर बसवलं, त्यांचं डोकं पुढे झुकवून धरलं आणि ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "धुळं." तीस-पस्तीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मास्तरांना एकच काम होतं, पुढचा श्वास घेणं. प्रत्येक श्वास वेगळा ओढावा लागत होता. खड्डा आला की तो श्वास हुकायचा आणि मग त्यानंतरचा लवकर ओढावा लागायचा. पंडित त्यांच्या पाठीवर हात ठेवून सारखा बडबडत होता. "मी शे ना. आते येईन धुळं. मी शे ना." मास्तरांच्या मनात ओठाचा विचार एकदाही आला नाही.

डॉक्टर पुखराजांनी त्यांना पाहिलं, ओरडण्यात वेळही घालवला नाही. स्वतःच त्याच जीपमध्ये बसून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सर्जनने जबड्याखाली बाहेरून चीर देऊन पू काढला. मास्तर शुद्धीत होते. चीर दिल्यावर काही वेळाने जीभ खाली बसली आणि पहिला सरळ श्वास आत गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बराच वेळ थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसीम आली. पंडितच तिला जळगावहून घेऊन आला होता. ती खाटेजवळ उभी राहिली. गळ्याभोवतीची पट्टी, त्यातून बाहेर आलेली रबराची नळी, सगळं तिने एकदा नीट पाहून घेतलं. तेवढ्यात डॉक्टर आले आणि तिला म्हणाले, "फेब्रुवारीतच काढू या म्हटलं होतं मी. असो, आता पाच दिवस पेनिसिलिन देऊ, तोंड उघडलं की दाढ काढायची."

ती डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेली आणि परत आल्यावर म्हणाली, "झूठ बोले मेरेसे?"

मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खालच्या ओठाकडे बोट दाखवलं.

"मालूम है," ती म्हणाली. "डॉक्टरने बाहर सब बताया मेरेको. वो होंठ तुम्हारा है. और ये सांस किसकी है?"

पंडित पुढे झाला. "भाभी, माले बी सांगं नही त्यास्नी."

नसीमने त्याला हाताने थांबवलं. मग खाटेखालचा तांब्या घेऊन ती पाणी आणायला गेली, ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला मास्तर डॉक्टर पुखराजांच्या खुर्चीत बसले. दोन बोटांइतकं तोंड उघडत होतं. नसीम आणि पंडित बाहेरच्या बाकावर होते, मधे फक्त एक पडदा.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता ओठ बधिर होईल. हे औषधाने होणार आहे, घाबरू नका. दुपारपर्यंत उतरतं." आणि खरंच, डावा ओठ आधी मुंग्यांनी भरला, मग फुगल्यासारखा झाला, मग तिथे काही नव्हतंच. मास्तरांनी बोट लावून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी ओठ.

डॉक्टरांनी उजव्या बाजूच्या दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवला. हिरडी कापली. ते दुखलं नाही. पण त्यानंतर त्यांनी छिन्नी लावली आणि मदतनीस बाईंनी हातोडीचा पहिला ठोका दिला, तेव्हा तो मास्तरांच्या कवटीत वाजला. दुखत नव्हतं, तरी प्रत्येक ठोका कानांतून, डोळ्यांतून, पार पाठीच्या मणक्यापर्यंत जात होता. बाहेर नसीमला तो आवाज लाकूड फोडल्यासारखा ऐकू येत होता. ती बाकावरून उठली, पडद्यापाशी गेली, परत येऊन बसली. पंडित जमिनीकडे बघत ठोके मोजत होता. एकतीसनंतर त्याने मोजणं सोडलं.

पाऊण तास झाला. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम भुवईवर आला होता. "हाड फार कडक आहे," ते बाईंना हळूच म्हणाले. मास्तरांना ते ऐकू आलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टरांनी दाढेचे दोन तुकडे केले. एक निघाला. दुसऱ्याखाली अवजार घालून त्यांनी मनगट फिरवलं, कट् असा आवाज झाला आणि ते थांबले.

त्यांनी दिवा जवळ ओढला, आत बघितलं, कापसाने टिपलं, पुन्हा बघितलं. मग मास्क खाली केला.

"मास्तर, ऐकू येतंय ना? दाढ निघाली. पण एका मुळाचं टोक तुटून आत राहिलंय. तांदळाच्या दाण्याएवढं. ते शिरेला चिकटलेलं आहे. काढायला गेलो तर शीर तुटण्याची भीती आहे. ठेवलं तर बहुधा काही होणार नाही, पण होणारच नाही असं मी सांगू शकत नाही. पुन्हा पू झाला तर पुन्हा हे सगळं."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी ठरवू शकलो असतो. पण ओठ तुमचा आहे. ठेवायचं तर एक बोट वर करा. काढायचं तर दोन."

मास्तरांचा हात खुर्चीवरून उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला. जीपमधला श्वास त्यांना आठवला, खड्ड्यात हुकलेला. नसीमचा प्रश्न आठवला. त्यांना वाटलं पडदा बाजूला करून तिला विचारावं, पण तोंडात ठोकळा होता आणि हिरडीतून रक्त घशाकडे चाललं होतं. त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण जिभेने तो बधिर ओठ शोधतो आहोत.

त्यांनी एक बोट वर केलं.

"ठीक," डॉक्टर म्हणाले, आणि टाके घालायला लागले.

बारा वाजता मास्तर दवाखान्याच्या खाटेवर परत आले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. डॉक्टर म्हणाले होते, दुपारपर्यंत. दोन वाजता त्यांनी ओठाला बोट लावलं. काही नाही. तीन वाजता जिभेचं टोक जागं झालं, गाल जागा झाला, आणि हिरडीतली कळ इतकी जोरात आली, की त्यांना आनंद झाला. आता ओठ येईल. चार वाजले. पाच वाजले. गाल दुखत होता, कान दुखत होता, गळ्याची जखम ओढत होती; सगळीकडे दुखत होतं, फक्त ओठाच्या डाव्या अर्ध्या भागात आणि खाली हनुवटीपर्यंत काहीच नव्हतं. नसीमने चमच्याने दूध पाजलं. ते कडेने गळून पट्टीवर सांडलं. मास्तरांना कळलं नाही. तिने पुसलं तेव्हा कळलं.

सकाळी डॉक्टरांनी पिन आणली. मास्तरांना डोळे मिटायला सांगून ओठावर टोचत गेले. उजवीकडे, "हो." मध्यावर, "हो." मध्याच्या पलीकडे मास्तर वाट बघत राहिले. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर पिन कापसात खोचत होते.

"शीर तुटलेली नाही," ते म्हणाले. "मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. दबली आहे. थांबावं लागेल."

"किती?"

या वेळी डॉक्टरांनी खांदेच उडवले, आणि त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता, की मास्तरांनीच त्यांच्या हातावर हात ठेवला.

जळगावला आल्यावर नसीमने कॉपिंग पेन्सिल आणली, ओली केली की जांभळं उमटणारी. दर शुक्रवारी सकाळी मास्तर खिडकीत बसत, डोळे मिटत, आणि ती सुईच्या मागच्या टोकाने ओठावर, हनुवटीवर हलके दाबत जाई. "यहां?" "नाही." "यहां?" "नाही." "यहां?" "हो, थोडं." जिथे 'हो' येई तिथे ती पेन्सिलीचा ठिपका देई. ठिपके जोडले की सरहद्द तयार होई. पहिला महिना ती रेघ हलली नाही. दुसराही नाही. मास्तर चिडायचे, म्हणायचे बंद कर हा खेळ. ती म्हणायची, "आंखें बंद करो."

क्लॅरनेट त्यांनी सहाव्या आठवड्यात काढलं. दार लावून घेतलं. पत्ती बसवली, ओठ दुमडला, फुंकलं. आधी नुसती हवा गेली. मग एक किंकाळी निघाली, कोंबडीसारखी. पुन्हा फुंकलं. सूर लागला, पण कसा लागला ते त्यांना कळेना; पत्ती कुठे टेकली आहे, किती दाबली आहे, काहीच कळत नव्हतं. तरी दहा-पंधरा मिनिटं ते जिद्दीने फुंकत राहिले. थांबून क्लॅरनेट खाली घेतलं तर पत्ती लाल झालेली. ओठ आतून दातांनी कापला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पत्ती धुतली, पेटी बंद केली आणि ती कपाटाच्या वर ठेवून दिली.

पावसाळ्यानंतर वनाभाऊ पंडितला घेऊन घरी आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर तारखा आहेत, मास्तर. नंदुरबारकडून एक क्लॅरनेटवाला बोलावतोय. तुमची जागा तुमचीच. पण हंगाम तर काढायला पाहिजे."

"बोलवा," मास्तर म्हणाले.

वनाभाऊ गेल्यावर पंडित मागे राहिला. उंबऱ्यावर बसून म्हणाला, "तुम्ही एकदा काढा ते कपाटवरथीन. माले दखाडा, नेमकं काय व्हस ते."

"काय दाखवू? रक्त?"

"रक्तच दखाडा."

मास्तरांनी रागाने पेटी काढली आणि वाजवलं. किंकाळी निघाली. पंडित हसला नाही. जवळ येऊन त्याने तोंडाकडे बारीक पाहिलं. म्हणाला, ट्रम्पेटवाल्यांचा ओठ फाटला की ते ट्रम्पेटचं तोंड ओठावर जरा बाजूला सरकवतात. उजवीकडचा अर्धा ओठ तर चांगला शे ना? मग तिकडे घ्या.

"क्लॅरनेट असं तिरकं धरत नाहीत, पंडित."

"कोन पाहस मास्तर? लोके घोडाकडे पाहतस."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आरशासमोर बसायला लागले. क्लॅरनेट एक बोट उजवीकडे. मान थोडी वळवलेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी एखाद्या शिकाऊ मुलासारखे ते एकच सूर लांबवत बसत. डाव्या कडेने हवा गळायची. तिथे ओठ मिटला आहे की नाही, हे आरशात बघून ठरवावं लागे. दुपारी नसीम रजई घेऊन समोर बसू लागली. हवा गळली की ती मान वर न करता म्हणायची, "निकल रही है." ते ओठ आवळत. बंद झाली की ती गप्प. उंच सूर लागेनातच. तिथे ओठाला जो बारीक अंदाज लागतो तो अर्ध्या ओठाला येत नव्हता. खालचे सूर मात्र हळूहळू त्यांचं ऐकू लागले.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ते भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खात होते. मध्येच थांबले. घास तसाच हातात.

"क्या हुआ?" नसीमने विचारलं.

"जळतंय," ते म्हणाले. आणि ओठाच्या डाव्या बाजूला, मध्यापासून जरा पलीकडे, बोट ठेवलं. "इथे जळतंय."

तिने भाकरी टाकून पेन्सिल आणली. शुक्रवार नव्हता, तरी.

पुढे ती रेघ सरकत गेली, पण शेवटपर्यंत नाही. हनुवटीच्या वर, ओठाच्या कडेला, चार आण्याच्या नाण्याएवढी जागा तशीच राहिली. जानेवारीत मास्तर धुळ्याला गेले तेव्हा डॉक्टर पुखराजांनी पिनने ती जागा चारी बाजूंनी शोधली आणि म्हणाले, "बाकीची आली. एवढी कदाचित राहील." नवा एक्स-रे काढला. मुळाचं टोक होतं तिथेच होतं, शांत. "ते बोट तुम्ही वर केलंत," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दोन केली असती तर माझा हात थरथरला असता."

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिंदखेड्याला मास्तर वरातीत उभे राहिले. नंदुरबारचा क्लॅरनेटवाला ताप येऊन पडला म्हणून वनाभाऊंनी निरोप धाडला होता. मास्तरांनी नसीमला विचारलं. ती म्हणाली, जा.

क्लॅरनेट उजवीकडे सरकवून, मान वळवून त्यांनी सुरुवात केली आणि सूर लागला. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात नवरदेवाच्या मित्रांनी ती चाल मागितली, जिच्यात क्लॅरनेट एकटंच वर चढत जातं आणि शेवटच्या सुरावर उभं राहतं. पूर्वी मास्तर तिथे श्वास संपेपर्यंत थांबायचे. ते चढायला लागले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांना कळलं, की पुढे ओठ साथ देणार नाही. ढोल थांबला होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते, घोड्याकडे नाही.

त्यांनी डावीकडे पंडितकडे पाहिलं, आणि भुवई उचलली.

पंडितने श्वास घेतला आणि तो सूर ट्रम्पेटवर वरून उचलला. मास्तर खाली उतरले आणि खालच्या सुरात त्याच्याखाली चालायला लागले, जाड, रुंद, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात. असं त्या बँडात आधी कधी वाजलं नव्हतं. मित्र नाचायचे थांबले, मग दुप्पट जोरात नाचायला लागले.

वरात मांडवाशी पोहोचली. मास्तरांनी रुमाल ओठाला लावून पाहिला. रक्त नव्हतं. पंडित घाम पुसत म्हणाला, "पुढली वरातमा बी असंच करूत का?"

"वरचं तू घे," मास्तर म्हणाले. "यापुढे वरचं तूच घे."

पंडितने ट्रम्पेटमधली थुंकी झटकली, पुन्हा झटकली. मास्तरांनी पत्ती सैल केली आणि मांडवातून कुणीतरी आणलेलं पाणी उजव्या बाजूने सावकाश प्यायलं.